डाव्या रकान्यातल्या खुणा

कुंभकोणमच्या आमच्या घरात तीनच खोल्या होत्या, आणि त्या वर्षी तिन्ही खोल्यांना बाळंतिणीचा वास होता. सकाळी कॉफीचं डिकॉक्शन उतरायच्या आत अम्मा लसूण तुपात परतायला घ्यायची, मग सुंठ-मिऱ्याचं लेह्य म्हणजे चाटण, मग विस्तवावर ऊद. तो धूर पडद्यांत, चादरींत, माझ्या शाळेच्या दप्तरात जाऊन बसला होता. मागच्या गल्लीत पितळी दिवे घडवणाऱ्यांची ठोकठोक सुरू झाली की साडेसात झाले असं आम्ही समजायचो. सव्वाआठला अम्मा आडुतुरैच्या गाडीला निघायची. तिथल्या भातसंशोधन केंद्रात ती टंकलेखनाचं काम करायची. अप्पा शाळेत गणित शिकवायचे. ते सायकल काढताना रोज एकच वाक्य बोलायचे, दार नीट लाव म्हणून. घरात आम्ही बोलायचो ती तंजावरकडे कित्येक पिढ्या राहिलेली मराठी, जिला आता पुण्यात माझे शेजारी ‘जुन्या पोथीतली’ म्हणतात. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. मी पुस्तकातली मराठी फार उशिरा शिकले. हे प्रकरण मी तीत लिहिते आहे, कारण घरच्या मराठीत ते लिहायला घेतलं की मला अम्माचा आवाज ऐकू येतो आणि हात थांबतो.

बाळ माझ्या बहिणीचं होतं. पद्माक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती तिरुच्चीला एका खाजगी शाळेत शिकवायची आणि त्या शाळेने तिला तीन महिन्यांच्या वर एक दिवस रजा दिली नाही. भावोजींची बदली दूर झाली होती. तेव्हा असं ठरलं की उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत बाळ, म्हणजे मैथिली, आमच्याकडे राहील, अक्का शुक्रवारी संध्याकाळी येईल आणि सोमवारी पहाटे जाईल. माझी बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. सतरा वर्षांची रिकामी मुलगी घरात असताना बाळाला कोण बघणार हा प्रश्नच कोणी विचारला नाही. मलाही विचारलं नाही, आणि याचा मला फार राग होता. मैत्रिणी टायपिंगला, शिवणाला, मामाच्या गावाला गेल्या होत्या. मी बाटल्या उकळत होते.

सकाळचे दोन तास मात्र माझे नसायचे, अंजलैम्माचे असायचे. ही सुंदरपेरुमाळ कोयिल नावाच्या जवळच्या गावाहून पहिल्या गाडीने यायची आणि आमच्या गल्लीतल्या, पलीकडच्या दोन गल्ल्यांतल्या तान्ह्या बाळांना न्हाऊ घालायची. पन्नाशीची, काटक, कानात जड पितळी फुलं. मागच्या अंगणात पाटावर बसून ती पाय लांब सोडायची, नडग्यांवर बाळ पालथं घ्यायची आणि कोमट पाणी अशा बेताने ओतायची की मैथिली रडायची विसरून पाण्याचा आवाज ऐकत राहायची. न्हाणं झालं की ती ओल्या तळव्यांनी बाळाचं डोकं सगळीकडून हलकेच धरायची. दाबायची नाही, नुसतं धरायची, पिकलेलं फळ उचलावं तसं. हे मी रोज पाहिलं आहे. पुढे जे झालं त्यात माझं हे रोजचं पाहणं कोणाच्याही उपयोगी पडलं नाही.

डोकं चपटं होतं आहे हे पहिल्यांदा अक्काच्याच लक्षात आलं. बाळ कायम उजवीकडे मान करून निजायचं, आणि डोक्याची मागची उजवी बाजू बसकी झाली होती. अम्मा म्हणाली, सगळ्यांचंच असतं, रांगायला लागलं की भरून येतं. पण अक्काने ऐकलं नाही. एका शनिवारी आम्ही मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते वयस्क गृहस्थ होते, तमिळमध्ये सावकाश बोलायचे. त्यांनी बाळाची मान दोन्हीकडे फिरवून पाहिली, टाळू पाहिली, आणि घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. कवटी अजून मऊ आहे, ज्या बाजूवर भार पडतो ती बसते, भार बदलला की ती भरते. झोपवायचं पाठीवरच, पण डोकं आलटूनपालटून, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. तिचं तोंड उजेडाकडे वळतं, तेव्हा अंथरुणाची दिशाच बदलायची. बाटली कधी या हातावर घेऊन पाजायची, कधी त्या. जागी असेल तेव्हा दिवसातून चार-पाच वेळा समोर बसून पालथं घालायचं, रडली तरी थोडा वेळ. आणि लुगड्याची झोळी बंद, कारण झोळीत बाळ एकाच बाजूला कलंडतं. सहा आठवड्यांनी परत आणा, म्हणाले.

अम्माने घरी येऊन पट्टीने रेघा मारल्या. मोठ्या कागदावर तारखा, आणि पुढे तीन रकाने: उजवी, डावी, पालथी. तो कागद तिने कपाटाच्या दारावर आतून चिकटवला. सुतळीला बांधून पेन्सिल लटकवली. “दर खेपेला खूण करित जा,” ती मला म्हणाली. “विसरूं नकोस. आम्ही घरांत नाहीं, तुझ्यावरच आहे हें.”

पहिला आठवडा मी सगळं केलं. हे सांगावंसं वाटतं, म्हणजे मी किती सवलत मागते आहे ते कळेल. डावीकडे वळवलं की मैथिली कळवळून रडायची, मान ताठ करून परत उजवीकडे न्यायची. पालथी घातली की नाक चटईवर घासायची, लाल व्हायची. मी खुळखुळा वाजवायची, जमिनीवर आडवी होऊन तिच्या तोंडासमोर तोंड न्यायची. दुपारी एकला अप्पा जेवून परत गेले की साडेपाचपर्यंत घरात आम्ही दोघीच. बाहेर इतकं ऊन की ठोकठोकही थांबलेली. आणि त्या शांततेत ते रडणं.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी अडगळीतून झोळीचं लुगडं काढलं आणि आढ्याच्या हुकाला बांधलं. दोन झोके दिले, आणि बाळ उजवीकडे कलंडून गाढ झोपलं. अडीच तास. मी टीव्ही लावला, आवाज अगदी बारीक करून.

मी अभ्यास करत होते असं लिहायला मला आवडलं असतं. एखादी मोठी कादंबरी वाचत होते, गाणं शिकत होते, असं काही. मी मालिका बघत होते. तीन मालिका, एकामागून एक; मधल्या जाहिरातींत फणसाचे गरे खायची. साडेचारला लुगडं सोडायची, घडी करून परत अडगळीत, बाळाला चटईवर, आणि मग कपाट उघडून पेन्सिल घ्यायची. उजवी, डावी, पालथी. हुशारी अशी की खुणा सारख्या करायची नाही. एखादी जरा वाकडी, एखादी पुसट, एखाद्या दिवशी पालथीच्या रकान्यात चारऐवजी तीनच, म्हणजे खरं वाटावं. आज इतक्या वर्षांनी मला मालिकांमधलं एकही नाव आठवत नाही. त्या पुसट खुणा मात्र जशाच्या तशा दिसतात.

अंजलैम्माच्या हाताला हे कळायला वेळ लागला नाही. न्हाऊ घालताना तिने बाळाच्या डोक्यामागचा केस झडून गेलेला तुकडा अंगठ्याने चाचपला आणि माझ्याकडे पाहिलं. तो तुकडा उजवीकडेच होता, आणि मोठा होत चालला होता. “कण्णु, दुपारी हिला दुसऱ्या अंगावर निजव हं,” ती म्हणाली; कण्णु म्हणजे तमिळमध्ये ‘सोन्या’. मी म्हटलं, निजवते की. दुसऱ्या दिवशी तिने परत तेच सांगितलं. चार-पाच दिवस सांगितलं, आणि मग सांगायचं सोडून दिलं. मला वाटलं, बरं झालं, विसरली.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी बाळाला हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला. उजवीकडचा चपटेपणा वाढला होता. त्यांनी अक्काला वरून बघायला सांगितलं: उजवा कान डाव्यापेक्षा पुढे सरकला होता, कपाळ त्या बाजूला किंचित पुढे आलं होतं. त्यांनी विचारलं, सांगितलं होतं तसं केलंत का? अम्माने पर्स उघडून तो कागद काढला. घडी नीट पडावी म्हणून तिने तो वहीत घालून आणला होता. डॉक्टरांनी चष्मा लावून एकेक ओळ पाहिली. मी अक्काच्या मागे, भिंतीला टेकून उभी होते.

“इतकं नेमाने कोणी करत नाही,” ते म्हणाले. “आणि इतकं करूनही वाढलं असेल, तर मला दुसरं काही आहे का ते बघायला हवं.”

दुसरं काही म्हणजे काय, ते त्यांनी समजावून सांगितलं. कवटीचे सांधे वेळेआधी जुळले असतील तर डोकं एका बाजूने वाढत नाही. हाताला तसं लागत नव्हतं, पण या कागदानंतर नुसतं हातावर विसंबणं त्यांना बरं वाटेना. तंजावरला मोठ्या इस्पितळात डोक्याचा स्कॅन करावा लागेल. बाळ हलता कामा नये म्हणून गुंगीचं औषध द्यावं लागेल, त्याआधी काही तास दूध बंद. सांधे जुळलेले निघाले तर शस्त्रक्रिया. रिक्षात बसल्यावर अक्काने बाळाचं डोकं पदराखाली घेतलं, जणू कोणी बघेल.

त्याच संध्याकाळी अम्माला कारण सापडलं. मला वाटतं, तिला कारण हवंच होतं; घरातल्या माणसांनी सगळं केलं होतं, कागदावर लिहिलेलं होतं. मग बाहेरचं कोण? ती म्हणाली, ती बाई रोज डोकं दाबते, मी स्वतः पाहिलं आहे, दोन्ही हातांनी धरते. अप्पा म्हणाले, डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नाही. अम्मा म्हणाली, डॉक्टर अंगणात बसून बघतात का? मग ती माझ्याकडे वळली. “तूं तर रोज असतेस. दाबिते ना ती?”

मी म्हटलं, “धरते.”

“जोरानें?”

मी खांदे उडवले. तेवढंच. मी खोटं बोलले असं कोणी म्हणू शकणार नाही, आणि त्या खांदे उडवण्याइतकं खोटं मी आयुष्यात दुसरं काही बोललेले नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, अम्मा घरीच होती. तिने अंजलैम्माला दारातच थांबवलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. का, तेही सांगितलं. आवाज चढवला नाही. पण समोरच्या घरातल्या शेजारीण मामी, ज्यांच्या नातवालाही अंजलैम्माच न्हाऊ घालायची, रांगोळी घालत होत्या, त्यांचा हात थांबलेला मला दिसला. अंजलैम्माने अम्माचं सगळं ऐकून घेतलं. मग तिने अम्माच्या खांद्यावरून आत, माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी बाटलीचं बूच लावत होते. ते लागलेलंच होतं, तरी मी लावत राहिले. ती पायरी उतरली, बाजूच्या बोळाने मागच्या अंगणात जाऊन आपला पाट भिंतीशी उभा करून ठेवला आणि गेली.

तंजावरला आम्ही पुढच्या गुरुवारी गेलो. अक्काने रजा काढली होती. पहाटेपासून बाळाला दूध नव्हतं. इस्पितळाच्या बोळात आम्ही बाकावर बसलो होतो, अम्मा कागदपत्रांच्या रांगेत होती. मैथिली आधी कुरकुरली, मग रडली, मग तिचा आवाज बसला. ती अक्काच्या ब्लाउजला तोंड घासायला लागली. अक्काने तिला दूर धरलं, कारण दूध द्यायचं नव्हतं. तिच्या ब्लाउजवर ओला डाग पसरत होता आणि ती बाळाला दूर धरून बसली होती. एक परिचारिका येऊन सांगून गेली की औषध देताना बाळाला आत एकटं न्यावं लागेल.

तेव्हा मी सांगितलं. धीराने सांगितलं असं नाही; तो डाग मला बघवेना म्हणून सांगितलं. “अक्का, मी तें केलेंच नाहीं. खुणा खोट्या आहेत.”

तिला कळलं नाही. मी परत सांगितलं. झोळीचं सांगितलं, टीव्हीचं सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने फक्त विचारलं, “एकही दिवस नाहीं?” मी म्हटलं, पहिला आठवडा केलं. ती उठली, बाळाला घेऊन सरळ आतल्या डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि दार तिच्या मागे लागलं. मी बाकावर बसून राहिले. अम्मा परत आली तेव्हा तिला हे मलाच दुसऱ्यांदा सांगावं लागलं. तिने हातातले कागद घडी करून पर्समध्ये घातले आणि त्या बंद दाराशी जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी स्कॅन झाला नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या डॉक्टरांना फोन लावला, सांधे पुन्हा हाताने तपासले, मान तपासली. मानेचा डावीकडचा एक स्नायू आखडला होता, म्हणून ती डावीकडे वळताना रडायची. तो सैल करण्याचे व्यायाम त्यांनी अक्काला दाखवले आणि सहा आठवडे खरोखर करून पाहा म्हणाल्या. ‘खरोखर’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी आजही त्यांचे उपकार मानते. मैथिली तिथेच दूध प्यायली. इतक्या घाईने की तिला दोनदा ठसका लागला.

पुढचे सहा आठवडे सुट्टीचे होते. अक्का घरीच राहिली. तिने कागद लावला नाही. आम्ही दोघी मिळून करायचो, आणि ती माझ्याशी बोलायची ते फक्त बाळापुरतं: धर, वळव, आता तू, आता मी. अंथरूण आम्ही रोज फिरवायचो. मी डाव्या बाजूला बसून गाणी म्हणायची, आणि हळूहळू मैथिली माझ्या आवाजाकडे वळायला लागली. एके दिवशी पालथी असताना तिने डोकं उचललं आणि तसंच धरून ठेवलं, म्हाताऱ्या कासवासारखं, दोन्हीकडे बघत. अक्का हसली. मला पाहून हसली असं नाही, पण मी तिथे होते. डोकं भरत आलं. आज मैथिली वकिली शिकते आहे. दाट केस आहेत. तेल लावताना हात फिरवला तर उजवीकडे एक किंचित सपाटी लागते, ती माझ्याशिवाय कोणाला लागत नाही.

घरच्यांनी मला माफ केलं, किंवा विषय सोडून दिला. अप्पा एकदाच म्हणाले की गणितात चुकलेलं मी समजू शकतो, रचलेलं नाही. पण अंजलैम्माचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही. तंजावरच्या बाकावरून माझी कबुली तिच्यापर्यंत सहज पोचू शकली असती. मी ती घरच्यांपाशीच थांबवली. बाळाच्या उष्टावणाची तयारी सुरू झाली तेव्हा मी अम्माला विचारलं, तिला बोलवायचं का? अम्मा निवडायचे तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, “कोणत्या तोंडानें?” आणि पुढे, “दुसरी आली आहे ना आतां.”

कोइमतूरच्या कॉलेजला जायच्या आधीच्या आठवड्यात मी एकटीच सुंदरपेरुमाळ कोयिलला गेले. स्टेशनवरच तिचं घर सांगणारं माणूस भेटलं. ती शेतावर होती. बांधावरून चालत गेले. ती चार बायकांबरोबर भाताची रोपं लावत होती, गुडघ्यापर्यंत चिखलात. मला पाहून सावकाश बांधावर आली. मी चपला काढून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पाठ करून आणलं होतं, म्हणून पटकन संपलं.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून.”

मी विचारलं, मग तुम्ही अम्माला का नाही सांगितलंत?

“मी सांगितलं असतं तर कामवाली बाई घरच्या मुलीवर ढकलते आहे असंच झालं असतं. मला वाटलं तू सांगशील. दाराशी उभी राहिले तेव्हा वाटलं, आत्ता सांगेल. मग वाटलं, संध्याकाळपर्यंत सांगेल.” तिने हातावरचा चिखल गवताला पुसला. “तुमच्या समोरच्या बाईने त्याच आठवड्यात मला थांबवलं. मग सगळ्यांनीच. बाळाचं डोकं बिघडवणारी बाई कोण ठेवील?”

मी क्षमा मागितली. तिने बांधावरची रोपांची जुडी उचलली. मी परत मागितली, तेव्हा म्हणाली, “माझ्याकडे येऊन काय उपयोग, कण्णु? मला तर माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना जाऊन सांग.” आणि ती पाण्यात उतरली.

मी सांगितलं. दोन दिवसांत, ती जिथे बाळं न्हाऊ घालायची त्या सहाही घरी गेले आणि प्रत्येक ठिकाणी सगळं सांगितलं, झोळीपासून खांदे उडवण्यापर्यंत, काही लपवलं नाही. कोणी मला रागावलं नाही. चौघींनी ताबडतोब सांगितलं की आता दुसरी बाई आहे, बरी आहे. एकीने विचारलं, म्हणजे डोकं दाबत नव्हती ती? आणि आत जाऊन दूध उतू गेलं का ते पाहिलं. अंजलैम्माला परत कोणीही बोलावलं नाही. त्या हंगामानंतर ती लेकीकडे राहायला गेली, एवढंच पुढे कळलं. कोणत्या गावी, ते कळलं नाही.

समोरच्या मामींकडे मी शेवटी गेले होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, डोळ्यांना पदर लावला, आणि गल्लीतून जाणाऱ्या अम्माला हाक मारून म्हणाल्या की तुझी मुलगी किती प्रामाणिक आहे, असं आपणहून येऊन सांगायला केवढं मन लागतं. मग त्यांनी मला कॉलेजसाठी आशीर्वाद दिला आणि माझ्या तळहातावर साखर ठेवली. अम्मा रस्त्यात उभी राहून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर, कितीतरी दिवसांनी, माझ्याबद्दलचा अभिमान होता. मी साखर खाल्ली.